बंद पडलेली यंत्रं पुन्हा काढायची तर जशीच्या तशी काढा!

चापओढ्या (धागाकर्ता)

परवा कोल्ट पायथनवरून एका मित्राशी चांगलंच वाजलं. हे रिव्हॉल्व्हर १९५५ साली आलं, २००५ मध्ये बंद झालं आणि २०२० मध्ये कंपनीने पुन्हा काढलं. मित्र म्हणाला, घे, फिटली तुझी हौस. मी म्हटलं, नाव तेच, तोंडवळा तोच, पण आतलं यंत्र दुसरंच आहे. जुन्या पायथनचे आतले भाग कारागीर कानशीने घासून एकमेकांत बसवत. चाप ओढताना शेवटच्या टप्प्यात तो थोडा जड व्हायचा. बरेच जण त्याला दोष म्हणतात, मला तीच त्याची ओळख वाटते. नव्यात भाग कमी केलेत, चाप एकसारखा ओढला जातो. सफाईदार आहे, नाही कुठे म्हणतोय? पण मग नाव वेगळं द्या ना.

माझ्या यादीत बंदुकांच्याही वर आहे कुर्टा. मुठीत मावणारं, हँडल फिरवून चालणारं गणकयंत्र. कुर्ट हेर्झस्टार्क यांनी त्याचा आराखडा नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत कैदी असताना पूर्ण केला. युद्धानंतर ते लिश्टेनश्टाइनमध्ये बनू लागलं आणि इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आल्यावर संपलं. आत सुमारे सहाशे भाग, बॅटरी नाही. कुणी काढेल का पुन्हा? तुमच्या याद्याही येऊ द्या.

कानसवाला

जुन्या पायथनचे गोडवे गाणाऱ्यांपैकी किती जणांनी तो उघडलाय? त्याचं टायमिंग बिघडलं, म्हणजे घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) पूर्ण मागे आला तरी काडतुसांचं चक्र नळीच्या रेषेत येऊन अडकत नाही, की बाजारातून सुटा भाग आणून काम होत नाही. प्रत्येक भाग त्याच्या शेजाऱ्यापुरता घासलेला. ते काम जाणणारे हात भराभर कमी होत गेले. तुम्हाला यंत्र नकोच आहे हो, तो कारागीर हवाय. आणि घासताना कुठे थांबायचं हे कुठल्याही आराखड्यात लिहिलेलं नसतं.

चापओढ्या

मग शिकवा की नवे कारागीर! निकॉनने १९५८ चा एस-३ कॅमेरा २००० साली आणि १९५७ चा एसपी २००५ साली पुन्हा बनवला. पूर्ण यांत्रिक, फिल्मवाला. मनात आणलं की जमतं.

नखी

धागाकर्त्याशी सहमत. विंचेस्टर मॉडेल ७० चं उदाहरण कसं कुणी दिलं नाही? ही शिकारी रायफल १९३६ पासूनची. १९६४ मध्ये खर्च कमी करायला तिची रचना बदलली. आधी काडतूस मॅगझिनमधून सुटताक्षणी बोल्टची, म्हणजे काडतूस नळीत सारणाऱ्या दांड्याची, नखी त्याला धरायची आणि शेवटपर्यंत सोडत नसे. नव्यात बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलू लागला. लाकडी दस्त्यावरची जाळी हाताने कोरायची सोडून दाबून उठवली. गिऱ्हाईक असं खवळलं की ‘१९६४ पूर्वीची’ हा दर्जाचा शिक्काच होऊन बसला. शेवटी १९९० च्या दशकात कंपनीला नखी परत आणावी लागली. तेव्हा आतलं कोण बघतंय, या भ्रमात कुणी राहू नये.

कानसवाला

ती सुधारणा नव्हती, काटकसर होती. दोन्हींत गल्लत नको.

वाफेवर

आमच्याकडून इंजिन घ्या. ब्रिटनच्या पेपरकॉर्न ए-१ वर्गाची ४९ वाफेची इंजिनं होती, सगळी भंगारात गेली, एकही उरलं नाही. हौशी मंडळींनी १९९० मध्ये कंबर कसली आणि २००८ मध्ये पन्नासावं इंजिन रुळावर आणलं. नाव टॉर्नेडो, क्रमांक ६०१६३, म्हणजे शेवटच्या जुन्या इंजिनाच्या पुढचा. आता गंमत बघा, बॉयलर जर्मनीत मायनिंगेनला बनला. मूळचा रिव्हेट ठोकलेला, हा वेल्डिंगचा. आतली भट्टी तांब्याऐवजी पोलादाची. चापओढ्या, ते तुमच्या समोरून धडधडत गेलं तर ‘हे नकली’ म्हणाल का? मी तर लहान मुलासारखा हात हलवीन.

चापओढ्या

टॉर्नेडोला सूट. तिथे वाफ खरी आहे. माझा राग मुखवट्यांवर आहे. ट्रायम्फ बोनव्हिल मोटरसायकलचंच घ्या. २००८ च्या आसपास तिला फ्युएल इंजेक्शन आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्याला कार्ब्युरेटरचा आकार दिला! इंजेक्शन आहे ना, मग उजळ माथ्याने दाखवा. याला नाटक नाही तर काय म्हणायचं?

उडता गालिचा

त्या नाटकानेच काही लोकांचे जीव वाचतात. मेसरश्मिट २६२, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन विमान, प्रत्यक्ष युद्धात उतरलेलं पहिलं लढाऊ जेट. अमेरिकेत त्याच्या नव्या प्रती बनवल्या, पहिली २००२ मध्ये उडाली. आत इंजिन जनरल इलेक्ट्रिकचं जे-८५, बाहेरून मात्र मूळच्या युमो इंजिनासारखं आवरण. का? तर मूळ युमो ००४ चं आयुष्य १० ते २५ तासांचं. युद्धात चांगल्या मिश्रधातूंचा तुटवडा होता, पाती तापून जायची. जशीच्या तशी प्रत हवी असेल तर वैमानिक तुम्ही आणा, मी जमिनीवरून बघतो.

कानसवाला

हेच बंदुकीला लावा. जुन्या सिंगल ॲक्शन (दर बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना त्याचं टोक थेट काडतुसावर टेकायचं. हातातून पडलं की बार उडू शकायचा. म्हणून जाणते लोक सहापैकी एक घर रिकामं ठेवत. रुगर कंपनीने १९७३ साली या दोहोंच्या मधे एक पट्टी घातली. चाप ओढलेला असेल तरच ती वर येऊन घोड्याचा ठोका पुढे पोचवते. आपलीच जुनी रिव्हॉल्व्हरं आणून दिली तर त्यांतही कंपनी ती फुकट बसवून देते. हीसुद्धा नको?

चापओढ्या

ज्याला यंत्र कळतं तो पाचच काडतुसं भरतो.

कानसवाला

आणि त्याच्यामागे ते त्याच्या पुतण्याच्या हातात येतं. त्याला पाचचा हिशेब कुणी सांगितला?

चापओढ्या

…बरं. पट्टी मान्य. चेहरा मात्र रंगवू नका.

अंधारखोली

तुम्ही सगळे यंत्रावर भांडताय, त्याच्या खुराकाचं काय? पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्म बंद केली. काही वेड्यांनी नेदरलँड्समधला एन्शेडेचा कारखाना वाचवला. यंत्रं जागेवर होती, पण मूळ रसायनं बनवणारेच उरले नव्हते, त्यामुळे सगळं मिश्रण नव्याने जुळवावं लागलं. २०१० मध्ये फिल्म आली तेव्हा चित्र बाहेर पडताच उजेडापासून झाकावं लागे. कोडॅकच्या कोडॅक्रोम या रंगीत फिल्मचं तर तेही झालं नाही. ती धुणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीला नवे रोल घेणं थांबवलं. माझ्या कपाटात एक न धुतलेला रोल पडून आहे. त्यात काय आहे हे मला आठवत नाही आणि आता त्या रंगांत कळणारही नाही. बंद पडलेल्या मापाचं काडतूस शोधणाऱ्यांना हे दुःख कळेल.

नखी

कळतं हो, चांगलंच कळतं.

वाफेवर

कुर्टाचं राहिलंच की. त्याची थ्रीडी प्रिंट करून चालणारी प्रत झाली आहे, बेरीज-वजाबाकी बिनचूक करते. फक्त प्रिंटरला इतके बारीक भाग झेपत नाहीत म्हणून तिप्पट मापाची आहे.

उडता गालिचा

तिप्पट मापाचा कुर्टा म्हणजे झब्बाच झाला.

चापओढ्या

मुठीत मावत नाही ना? मग मला नको. प्लॅस्टिकच्या झब्ब्याचा फोटो मात्र टाका.