‘कवच’ की ‘बाह्यकंकाल’?

आबोली: मालवणजवळच्या एका शाळेसाठी खेकड्यावरचा धडा मराठीत आणतेय. मी ‘बाह्यकंकाल’ लिहिलं, तिथल्या बाईंनी खोडून ‘कवच’ केलं. मला ते पटत नाही. कवच म्हटलं की वरून चढवलेलं चिलखत डोळ्यांसमोर येतं. खेकड्याचे तर स्नायूच त्याला आतून चिकटलेले असतात. काय लिहू?

रापणकर: कवच नकोच. कवच कासवालाही असतं, पण त्याच्या आत हाडांचा सांगाडा असतो. कुर्लीच्या अंगात हाड नाही. शिजलेला डेंगा, म्हणजे नांगी, फोडा आणि त्याचं हलतं बोट अलगद ओढा. मांसातून पातळ, पारदर्शक पातं बाहेर येतं. ते कवचच, आत वळून गेलेलं. डेंगा मिटणारा स्नायू त्या पात्याला धरून ओढतो. लहानपणापासून आम्ही ते पातं चोखून ताटाच्या कडेला ठेवत आलोय.

सोलकढी: मग सरळ ‘बाहेरचा सांगाडा’ लिहा. कंकाल कोण बोलतं कोकणात?

भरती: पुढे परीक्षेत पोरांना ‘संधिपाद’ (सांधेवाल्या पायांचे प्राणी) आणि ‘बाह्यकंकाल’च भेटणार, आत्ताच शिकू देत. आणि कुर्ली बोलण्यात ठीक, लेखनात खेकडाच हवा.

रापणकर: संस्कृतात खेकड्याला ‘कुलीर’ म्हणतात. ल आणि र यांनी जागा बदलल्या की झाली कुर्ली. मग ती लेखनात का नको?

भरती: व्युत्पत्ती असेलही. पण रायगडातल्या पोराला चिंबोरी कळते, कुर्ली नाही. खेकडा सगळ्यांना कळतो.

आबोली: माझा प्रश्न राहिला. कात टाकताना ते पातं तर निघतंच, जठराचं आतलं अस्तरही निघतं. ‘कवच उतरवलं’ म्हटलं तर हे मुलांपर्यंत पोचणार कसं?

भरती: कात सापाची. खेकडा कवच बदलतो.

सोलकढी: का? आतून नवं येतं नि जुनं टाकलं जातं, कातच ती. आई बाजारात कुर्ली हातावर तोलायची, मग अंगठ्याने पोट दाबायची. दबलं की, “पोकळ आसा, नको.” नुकती कात टाकलेली कुर्ली पाणी घेऊन फुगते, तिच्यात मांस कमी. अशा मऊ कुर्लीला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का?

रापणकर: आम्ही नुसतं ‘मऊ’ म्हणतो. देवगडकडचं कोणी असेल तर सांगा.