मदत हवी आहे: फाउंड्रीत लावलेले बोर्ड कोणी बघत नाही, टॅबमध्ये खोटे आकडे भरतात

शिरोली_प्रॉडक्शन | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. जरा लवकर उत्तर हवं आहे, पुढच्या महिन्यात कस्टमर ऑडिट आहे.

आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, लोखंड वितळवून साच्यात ओतून कास्टिंग करतो. तीन महिन्यांपूर्वी मोल्डिंग (वाळूचे साचे), कोअर शॉप (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात घालायचे वाळूचे गाभे), मेल्टिंग (भट्टी) आणि फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) अशा चार ठिकाणी मोठे डिस्प्ले बोर्ड लावले. टार्गेट, प्रॉडक्शन, रिजेक्शन, सगळं आलेखात. नंतर मोल्डिंगच्या प्रत्येक लाइनला टॅब दिला. शिफ्ट संपताना ऑपरेटरने रिजेक्शन किती आणि कारण काय ते भरायचं. मराठी भाषा टाकून घेतली आहे. ट्रेनिंग दोनदा झालं.

बोर्डाकडे कोणी बघत नाही. टॅबमध्ये रोज ३ नाहीतर ४, आणि कारण कायम 'ब्लो होल' (वायूमुळे पडलेलं छिद्र). फेटलिंगला मोजलं तर आकडा कितीतरी जास्त निघतो. मालक मला विचारतात, माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरं चांगलं अ‍ॅप कोणतं? बोर्डाचा तयार नमुना कोणाकडे असेल तर तोही पाठवा.

---

उद्यमनगर_टर्नर | रात्री ११:०५

किती माणसं, किती शिफ्ट, किती कायम आणि किती ठेकेदाराची? लोखंड कुठलं, ग्रे आयर्न की एसजी? हे काहीच लिहिलं नाहीत. अ‍ॅपचं नाव कुणीही सांगेल, त्याने काय होणार?

---

गोकुळशिरगाव_सीएनसी | रात्री ११:१८

अ‍ॅपवर पैसे घालू नका. गुगल शीट करा आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज फोटो टाकायला लावा. आमच्याकडे दोन वर्षं चालू आहे, एकाही दिवसाची नोंद चुकलेली नाही. शीट हवी असेल तर निरोप करा, पाठवतो.

---

उद्यमनगर_टर्नर | रात्री ११:२२

तुमच्याकडे माणसं किती?

---

गोकुळशिरगाव_सीएनसी | रात्री ११:२५

११. पण पद्धत तीच लागू पडते.

---

कागल_फाइव्हस्टार | मंगळवार, सकाळी ७:५०

मी वीस वर्षं प्लांट चालवतोय. बोर्ड, अ‍ॅप, कशाचाच दोष नाही. इन्सेंटिव्हला जोडा. नोंद नाही तर त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह नाही. आठवड्यात सगळे भरायला लागतील.

---

शिरोली_प्रॉडक्शन | सकाळी ८:३०

दोन शिफ्ट, १४० लोक, निम्मे ठेकेदाराचे. ग्रे आणि एसजी दोन्ही. मशीन मोल्डिंग, ग्रीन सँड म्हणजे ओलसर वाळूचे साचे. इन्सेंटिव्ह एक महिना लावून बघितला. नोंदी १०० टक्के आल्या, त्याच '३, ब्लो होल' अशा. म्हणून तर इथे विचारतोय.

---

जुना_मोल्डर | सकाळी ९:१५

दादा, मी ३४ वर्षं मोल्डिंगला काढली, आता रिटायर हाय. एक सांगा. तुमचा ऑपरेटर शिफ्ट सुटताना रिजेक्शन भरतोय म्हणताय, त्याला त्या वक्ताला ते दिसतंय तरी कुठं? बॉक्स म्हंजे साचा भरला, धातू ओतला, गार व्हायला सोडला. साचा फोडून नॉक आउट व्हायला वेळ, पुढं छऱ्यांचा मारा करून शॉट ब्लास्ट, मग फेटलिंग. कास्टिंगात माती पडलेली कळायची ती तिथं, न्हाईतर पार गिऱ्हाइकाच्या लेथवर टूल लागल्यावर. तवर हा घरी जाऊन जेवून झोपलाय. जे त्यानं बघितलंच न्हाई ते तो भरंल कसं? तीन-चार लिहितोय कारण तेवढ्यावर कोण वरडत न्हाई.

पोरगं खोटारडं न्हाई. प्रश्नच चुकीच्या माणसाला इचारलाय तुम्ही.

---

उद्यमनगर_टर्नर | सकाळी ९:२०

अण्णांनी नेमकं बोट ठेवलं. आमच्याकडे मशीनिंगला येणाऱ्या कास्टिंगमध्ये निम्मे दोष पहिला कट घेतल्यावरच दिसतात.

---

सेफ्टी_फर्स्ट_कोल्हापूर | सकाळी १०:०२

बोर्डाचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. सूचनाफलकांना आयएसओ ७०१० ची चिन्हंच वापरा. निळा गोल म्हणजे करायलाच हवं (हेल्मेट, गॉगल), पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, तिरकी रेघ असलेलं लाल वर्तुळ म्हणजे मनाई, हिरवा चौकोन म्हणजे सुटकेचा मार्ग किंवा प्रथमोपचार. फर्नेसजवळ पाणी आणि ओलसर भंगार याबद्दलचा इशारा हवाच. ओला भंगार वितळलेल्या धातूत गेला तर क्षणात वाफ होऊन धातू उसळतो.

---

शिरोली_प्रॉडक्शन | सकाळी १०:१०

धन्यवाद, पण सेफ्टीचे फलक आमच्याकडे आहेत. प्रश्न रिजेक्शनच्या नोंदीचा आहे.

---

पुठ्ठा_आणि_पेन्सिल | दुपारी १:३५

मी डिझाइन शिकले आहे, माहेर इचलकरंजीचं. तीन गोष्टी विचारते, कृपया टाळू नका. बोर्डावर काय असावं हे कोणी ठरवलं? टॅबमधली कारणांची यादी कोणी लिहिली? आणि बोर्डावर माणसांची नावं आहेत का?

---

शिरोली_प्रॉडक्शन | दुपारी ३:५०

बोर्ड पुण्याच्या कन्सल्टंटने दिला. कारणांची यादी क्वालिटीवाल्यांनी केली, २२ कारणं आहेत. ऑपरेटरची नावं आहेत, टार्गेटच्या खाली असलेले लाल, वरचे हिरवे. निकोप स्पर्धा व्हावी एवढाच हेतू होता. हे सगळीकडे असतंच म्हणून आधी लिहिलं नाही.

---

जुना_मोल्डर | दुपारी ४:०५

आता कळलं का बघत न्हाईत. भिंतीवर आपलं नाव लाल अक्षरात लागलेलं कोण बघंल रोज? चार माणसांत आब जातो ओ. सँड प्लांटनं वाळू ओली पाठवली तरी नाव मोल्डरचंच लाल हुणार.

---

कागल_फाइव्हस्टार | दुपारी ४:४०

नाव काढलं तर जबाबदारी कोणाची? उद्या गिऱ्हाईक माल परत पाठवेल तेव्हा कोणाला विचारायचं? आब, भावना हे सगळं ठीक आहे, पण ऑर्डर गेली तर सगळ्यांचंच काम जातं. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

---

जुना_मोल्डर | दुपारी ४:५२

कास्टिंगवर हीट नंबर असतोय, म्हंजे भट्टीच्या कुठल्या घाण्याचं ते, तारीख असतीया. माग काढायचा तर ऑफिसात काढा. चव्हाट्यावर कशापायी?

---

पुठ्ठा_आणि_पेन्सिल | संध्या. ६:१५

लाल-हिरव्याबद्दल आणखी एक. या दोन रंगांत फरक न कळण्याचा जन्मजात दोष बायकांपेक्षा पुरुषांमध्ये बराच जास्त असतो, आणि पुष्कळांना तो आपल्यात आहे हे माहीतही नसतं. १४० जणांत असे काही असणारच. रंगासोबत आकारही बदला: गोल, फुली, त्रिकोण.

आता मुख्य मुद्दा. दुसरं अ‍ॅप आणलंत तरी हेच होईल, कारण तेही ऑफिसात बसूनच निवडलं जाईल. १९८१ ते १९८५ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये 'युटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. छापखान्यात संगणक येऊ घातले होते. तिथल्या छपाई कामगारांच्या संघटना आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. यंत्रं हातात नव्हती, तर पुठ्ठ्याची आणि प्लायवुडची खोटी यंत्रं केली. लेझर प्रिंटरच्या जागी चक्क रिकामा खोका ठेवला. कामगारांनी त्यांच्यासमोर उभं राहून पानं लावण्याचं काम करून दाखवलं आणि कुठे अडतं ते सांगितलं. पुठ्ठा चुकला तर कापून फेकता येतो, आणि त्यावर बोट ठेवून 'हे इथे नको' म्हणायला कोणी भीत नाही. तयार टॅबसमोर तोच माणूस गप्प बसतो, कारण आता पैसे खर्च झालेत हे त्याला कळतं.

---

गोकुळशिरगाव_सीएनसी | संध्या. ६:३०

ताई, स्वीडनचं शिरोलीत चालत नाही. इथे डिस्पॅच तोंडावर असतो. पुठ्ठे कापत कोण बसणार?

---

पुठ्ठा_आणि_पेन्सिल | संध्या. ६:४८

दोन दुपारी आणि एक खोका लागतो. तीन महिने खोटे आकडे गोळा करण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

---

रंकाळा_सायंकाळ | रात्री ८:२०

स्वीडन कशाला, कोल्हापूरचंच घ्या की. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले, हातात सुतारकाम आणि रंगकाम. बाहेरून कॅमेरा येण्याची वाट न बघता स्वतःच खटपट करून बनवायला बसले. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला आणि 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. सिनेमाची पोस्टरंही बाबूराव स्वतः रंगवत. रस्त्यावरच्या माणसाला लांबून काय दिसतं हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आज गावात हाताने बोर्ड रंगवणारे किती उरलेत?

---

उद्यमनगर_टर्नर | रात्री ८:३१

आहेत अजून थोडे, पण फ्लेक्सने धंदा बसवला. यावर वेगळा धागा काढा, मलाही लिहायचं आहे.

---

कामगार_कायदा_वाचक | रात्री ९:१०

१४० लोक आहेत तर एक तरतूद माहीत असावी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३ नुसार १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्य समिती नेमायला सरकार सांगू शकत असे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही समिती आहे. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने घातलेला अनुच्छेद ४३-क उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाबद्दलच आहे. तेव्हा 'कामगारांना विचारा' हा केवळ डिझाइनवाल्यांचा हट्ट नाही.

---

कागल_फाइव्हस्टार | रात्री ९:२५

समिती नेमली की बोर्ड बाजूला राहतो आणि बोनसची चर्चा सुरू होते.

---

कामगार_कायदा_वाचक | रात्री ९:४०

होऊ द्या चर्चा. बोनसबद्दल ज्याला बोलता येत नाही तो वाळूबद्दलही बोलणार नाही.

---

जुना_मोल्डर | बुधवार, सकाळी ६:४०

प्रॉडक्शनवाले दादा, एक करा. उद्या लाइनवर जाऊन बॉक्सवर खडूनं काय लिहिलंय ते बघा. आमच्यात पूर्वी पोरं बॉक्सवर फुली मारायची: हितं कोअर बसवताना कड घासली, ओतताना ध्यान द्या. दोन रेघा म्हंजे आधी ओता. कुणी शिकवलं न्हवतं, आपापसात ठरलेलं. तुमच्याकडंबी असणार. त्यांचा बोर्ड आधीच हाय, तुम्हाला वाचता येत न्हाई एवढंच.

---

शिरोली_प्रॉडक्शन | बुधवार, रात्री १०:१५

अण्णा, आहे. आज बघितलं. सहा वर्षं त्या लाइनवरून फिरतोय, मी ते हिशोबाचे आकडे समजत होतो. उद्या चहाच्या वेळेला बसतो सगळ्यांसोबत.

---

पुठ्ठा_आणि_पेन्सिल | रात्री १०:३०

बसाल तेव्हा मॅनेजर आणि ठेकेदार नकोत. फेटलिंगची माणसं कुठली आहेत? मराठी वाचतात का? आणि टॅब हातमोजे घालून चालतो का?

---

शिरोली_प्रॉडक्शन | रात्री १०:४४

फेटलिंगला बहुतेक बिहार आणि ओडिशाची मुलं. मराठी वाचत नाहीत. टॅब हातमोज्यावर चालत नाही, काढावे लागतात. हे कधी डोक्यातच आलं नाही.

---

शिरोली_प्रॉडक्शन | अकरा दिवसांनी, रविवार, दुपारी १२:२०

धागा वर आणतोय, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

आठ जणांसोबत बसलो. मोल्डिंगचे चार, कोअर शॉपची एक बाई, पोअरिंगचा एक, फेटलिंगचे दोघे. पहिली वीस मिनिटं कोणी बोललं नाही. मग मी बोर्डावरची नावं त्यांच्यासमोर काढली आणि पुठ्ठा मध्ये ठेवला.

मोल्डिंगवाल्यांना रिजेक्शनचा आलेख नकोच आहे. त्यांना मेटल कधी येणार ते हवं आहे. फर्नेसला उशीर झाला की कोअर घालून बंद केलेले साचे तसेच पडून राहतात, कोअर ओल धरतात आणि मग ब्लो होल. म्हणजे ते जे एकच कारण भरत होते त्यात तथ्य होतं, आणि मी ते आळस समजत होतो. आता मेल्टिंगचा माणूस लाइनवर दिसेल असा काटा हाताने फिरवतो: चार्जिंग, तयार, निघाला. पुठ्ठ्याचाच आहे अजून.

पोअरिंगवाल्याने घड्याळ मागितलं. एसजीला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाल्यावर दहा मिनिटांच्या आसपास ओतून व्हावं लागतं, नाहीतर परिणाम उतरतो. तो आजवर मनात मोजत होता. भिंतीवर मोठं घड्याळ लावलं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्याने सहा वर्षं कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

कोअर शॉपच्या ताईंना पुढचा पॅटर्न (ज्यावरून साचा उठवतो तो नमुना) कोणता लागणार ते दोन तास आधी कळायला हवं. ते अजून झालेलं नाही.

फेटलिंगचं सगळ्यात चांगलं जमलं. २२ कारणांची यादी गेली. कास्टिंगचा मोठा फोटो भिंतीवर लावला आणि दोष जिथे दिसेल तिथे मार्करने टिंब मारायचं. वाचायला काही नाही, हातमोजा काढायला नको. खूण गोल की फुली हे त्या दोघांनीच ठरवलं: छिद्र असेल तर गोल, माती असेल तर फुली. एका बेअरिंग हाउसिंगवर सहा दिवसांत फुल्यांचा गठ्ठा एकाच कोपऱ्यात जमला आहे.

टॅब बंद केलेला नाही, मालक ऐकणार नाहीत. आता संध्याकाळी मी फोटोवरून मोजून टॅबमध्ये भरतो. ऑडिटला काय म्हणतील बघू.

एक अडचण उरलीच आहे. ठेकेदाराची मुलं दोन-तीन महिन्यांत बदलतात. ज्यांनी खुणा ठरवल्या ते गेले की नव्यांना कोण सांगणार?

---

कागल_फाइव्हस्टार | दुपारी १:०५

टिंबांचा फोटो इथे टाका. नावांबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण हे मला माझ्याकडे करून बघायचं आहे.

---

पुठ्ठा_आणि_पेन्सिल | दुपारी १:३०

नव्या मुलाला जुन्या मुलानेच पहिल्या दिवशी पाच कास्टिंगवर टिंबं मारून दाखवायची. तुम्ही शिकवू नका. आणि खूण त्याला पटली नाही तर बदलायची मुभा ठेवा.

---

जुना_मोल्डर | दुपारी २:१०

फुल्या एकाच कोपऱ्यात म्हणताय. कोअर प्रिंटच्या, म्हंजे साच्यात कोअर टेकतोय त्या जागेच्या, बाजूला हाय का तो कोपरा? पॅटर्न काढताना तिथं कड तुटत असंल. पॅटर्न झिजला असंल न्हाईतर ड्राफ्ट, म्हंजे बाजूचा उतार, कमी पडत असंल. हात फिरवून बघा.

---

शिरोली_प्रॉडक्शन | दुपारी २:२५

हो, कोअर प्रिंटला लागूनच आहे. सकाळी पहिल्यांदा पॅटर्न काढून बघतो. लाइनवरच्या पोरालाही सोबत नेतो, खडूची फुली तोच मारत होता.