मदत हवी आहे : श्राव्यमालिकेच्या करारातील ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या कलमाबाबत

नमस्कार.

मी पूर्णवेळ मुक्त लेखन करतो. आजवर दिवाळी अंकांतील लेख, माहितीपटांच्या संहिता आणि शब्दामागे दर ठरवून केलेले अनुवाद यांवर घर चालले. त्या कामांत हक्कांचा प्रश्न फारसा निघाला नाही. आता एका निर्मितीसंस्थेने मराठी श्राव्यमालिकेचे लेखन देऊ केले आहे. कथा आणि पात्रे माझी आहेत, भागही मीच लिहिणार आहे. भागामागचे मानधन समाधानकारक आहे, अडचण कराराच्या मसुद्यात आहे.

संहिता, पात्रे व शीर्षक यांचे सर्व हक्क जगभरासाठी, सर्व माध्यमांसाठी आणि कायमस्वरूपी संस्थेकडे जातील, असे एक कलम आहे. त्याच्याच खाली, लेखन संस्थेच्या सांगण्यावरून होत असल्याने प्रथम स्वामी संस्थाच राहील, अशी ओळ आहे. ही ओळ मला अधिक खटकते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार साहित्यकृतीचा प्रथम स्वामी लेखकच असतो. नोकरीत असताना केलेले लेखन हा अपवाद आहे, पण मी कोणाच्या नोकरीत नाही. मोबदला देऊन करवून घेतलेल्या कामाचा अपवाद छायाचित्र, चित्र, चित्रपट अशा कृतींसाठी आहे, कथेसाठी नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ध्वनिमुद्रणात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) आपला समान वाटा करार करूनही सोडून देता येत नाही, असे कलम १८ मध्ये स्पष्ट आहे. माझ्या मसुद्यात स्वामित्वधनाचा उल्लेखच नाही.

करारात मुदत लिहिलेली नसेल, तर हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच धरले जाते. त्यामुळे ‘कायमस्वरूपी’ऐवजी पाच वर्षे, आणि फक्त मराठी श्राव्य रूपापुरतेच हक्क, अशी मागणी मी करू पाहतो आहे, पुस्तक, चित्रपट व इतर भाषांतील रूपांतराचे हक्क मला स्वतःकडे ठेवायचे आहेत. उद्या यातून कादंबरी लिहावीशी वाटली, तर माझ्याच पात्रांसाठी कोणाची परवानगी मागावी लागू नये, एवढीच माझी तळमळ आहे.

श्राव्यमालिकांसाठी लिहिणाऱ्यांना विचारायचे आहे, की अशी मागणी निर्मितीसंस्था प्रत्यक्षात मान्य करतात का, आणि स्वामित्वधन कोणत्या आधारावर, म्हणजे श्रोतेसंख्येवर की सदस्यशुल्काच्या उत्पन्नावर, मागावे? मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहिता नोंदवल्याचा अशा वाटाघाटीत काही उपयोग होतो का? आणि मसुदा वकिलाला दाखवायचा झाल्यास, साहित्य-स्वामित्वाचे काम करणारा वकील पुण्यात कसा शोधावा?