विषय: नोव्हेंबरपासून बायको अंथरुणातून उठत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही मे महिन्यात नाशिकहून स्टॉकहोमला आलो. उन्हाळाभर हिचा उत्साह बघण्यासारखा होता. नोव्हेंबर लागला आणि सगळं पालटलं. दहा-दहा तास झोपूनही अंग जड, संध्याकाळी सारखं गोड नाहीतर पाव खावासा वाटतो, आईशीही फोनवर धड बोलत नाही. घरचे म्हणतात, 'माहेरची आठवण येत असेल, मन रमव.' डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू आहेत, फरक नाही. कुणाला अनुभव आहे का?

उत्तर:

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण मी स्वतः यातून गेले आहे.

'मन रमव' असं तिला कृपया सांगू नका. ऋतूबरोबर येणारं हे नैराश्य म्हणजे आजार आहे; १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी त्याचं रीतसर वर्णन केलं. यात बहुतेकांची भूक मरत नाही, वाढते. झोप उडत नाही, सरतच नाही. म्हणून तर घरच्यांना तो आळस वाटतो. नाशिकला डिसेंबरातही दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. इथे जेमतेम सहा, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सात अंशांवर, तोही ढगांतून दिसला तर.

गोळ्या चालू ठेवा. इथल्या हिवाळ्यात कातडीला डी बनवता येत नाही, सावळ्या रंगाला तर त्याची जास्तच गरज. पण गोळीने उजेडाची भूक भागत नाही. शरीराचं घड्याळ लागतं ते सकाळी डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. उपचाराचा दिवा १०,००० लक्सचा. माझा न्याहारीच्या टेबलावर, हातभर अंतरावर, थोडा बाजूला असतो. उठल्यावर अर्धा तास, त्याच्याकडे टक लावून न बघता, चहा-पोहे तिथेच. संध्याकाळी लावू नका, झोप बिघडते. आणि दुपारी बारा-एकला तिला बाहेर काढाच. ढगाळ आभाळही दिवाणखान्यापेक्षा उजळ असतं.

दिवा घेण्याआधी वॉर्डसेंट्रालमध्ये, म्हणजे इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टरांना दाखवा. डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा बायपोलर (मन कधी अति उत्साही, कधी खिन्न होण्याचा आजार) असेल तर तो त्यांना विचारल्याशिवाय वापरायचा नाही. समुपदेशन आणि औषधंही असतात, ती घेण्यात कमीपणा नाही. वेळ कशी घ्यायची ते ११७७ या आरोग्य-सल्ल्याच्या नंबरावर सांगतात. जीव नकोसा झाल्याचं तिच्या बोलण्यात आलं तर मात्र थांबायचं नाही, सरळ ११२ हा तातडीचा नंबर लावायचा.

माझा नंबर वेगळा पाठवते. तिला म्हणावं, बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल, शनिवारी दुपारी मी दारात येते, नुसतं चालू.

उत्तर:

काकू, तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. 'आळस नाही' हे ऐकून खूप रडली, मग म्हणाली, काकूंना या म्हणावं. डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली आहे. एक विचारायचं होतं: दिव्यासमोर चष्मा काढायचा का?

उत्तर:

नाही, साधा चष्मा चालतो. काळा नको. शनिवारी बाराला येते.