मदत हवी आहे: जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डाच्या चिपवर) टाकल्यावर प्रोग्राम उलट स्लो झाला, असं कसं?

नमस्कार मंडळी, आधीच सांगतो, मी हार्डवेअरवाला नाही, पायथन बऱ्यापैकी लिहितो इतकंच. माझ्या एका सिम्युलेशनमध्ये ५०० बाय ५०० चे मॅट्रिक्स हजारो वेळा गुणायचे असतात. मशीनमध्ये चांगलं गेमिंग कार्ड नुसतं पडून आहे म्हणून नमपायच्या (पायथनची गणिताची लायब्ररी) जागी कुपाय (तसंच, पण जीपीयूवर चालणारं) टाकलं, आणि जे काम सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) ४० सेकंदात व्हायचं ते आता सव्वा मिनिट घेतंय! तीनदा चालवून बघितलं, तेच.

वैतागून प्रोसेसरचा इतिहास वाचत बसलो तर डोक्याचा अजूनच भुगा झाला. १९७१ चा इंटेल ४००४, जेमतेम २३०० ट्रान्झिस्टर (चिपमधले बारीक स्विच), क्लॉक (चिपच्या ठोक्यांचा वेग) ७४० किलोहर्ट्झ. २००४ पर्यंत पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठलं, म्हणजे ३३ वर्षांत पाच हजार पट, आणि त्यानंतरच्या २० वर्षांत? टर्बो (थोड्या वेळापुरता वाढवलेला वेग) धरून ६ गिगाहर्ट्झच्या आसपास, धड दुप्पटही नाही. आणि १९८० मध्ये गणितासाठी ८०८७ ही वेगळी चिप घ्यावी लागायची, ती १९८९ च्या ४८६ ने पोटात घेतली, मग जीपीयूचं पण तेच होणार का? का एनपीयू, टीपीयू (एआयच्या गणितासाठीच्या चिप) असे नवे डबे वाढतच जाणार?

प्रतिसाद १
क्लॉक अडकला तो उष्णतेमुळे. आधी ट्रान्झिस्टर लहान केला की व्होल्टेजही उतरायचं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर जास्त वेगात पळवले तरी चिप तापायची नाही. २००५ च्या सुमारास व्होल्टेज उतरायचं जवळपास थांबलं, कारण अजून कमी केलं तर करंट गळायला लागतो. म्हणून मग एकाच चिपवर दोन कोअर (प्रोसेसर), चार कोअर, आणि एकेका कामाला वेगळी चिप.
तुमचं लफडं वेगळं दिसतंय. कार्डावर डेटाची कॉपी लूपच्या आत, म्हणजे दर फेरीला करताय का? आणि नंबर फ्लोट६४ (६४ बिटचे दशांश आकडे) आहेत का?

धागाकर्ता
हो, दोन्ही! फ्लोट६४ तर नमपाय आपोआपच घेतं ना?

प्रतिसाद १
मग बरोबर. गेमिंग कार्डात फ्लोट६४ चा वेग फ्लोट३२ च्या ३२ व्या किंवा ६४ व्या हिश्शाइतकाच असतो, गेमला तेवढी अचूकता लागतच नाही. आणि कार्ड ज्यात बसतं तो पीसीआयई ४ चा १६ लेनचा स्लॉट एका दिशेने सेकंदाला साधारण ३२ जीबी नेतो, एनव्हिडियाच्या ४०९० कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १००८ जीबी. म्हणजे तुम्ही दर गुणाकाराला माल बोळातून आत नेताय आणि बोळातूनच बाहेर काढताय. डेटा एकदाच कार्डावर टाका, उत्तर शेवटी आणा. फ्लोट३२ मध्ये सातेक अंकच खरे मिळतात, तेवढे पुरतात का ते आधी बघा.

प्रतिसाद २
गिळण्याबद्दल: ८०८७ ला सीपीयूचाच डेटा लागायचा, त्यामुळे आत घेणं सोपं. जीपीयूला मेमरी रुंद (एकदम खूप डेटा देणारी) लागते, तिथे अडतं. तरी छोटे जीपीयू कधीच आत गेलेत, आणि २०२० च्या ॲपल एम१ मध्ये तर सीपीयू आणि जीपीयूची मेमरी एकच, कॉपीची भानगडच नाही. टीपीयू मात्र वेगळाच प्राणी. गूगलने २०१५ पासून वापरलेल्या पहिल्या टीपीयूत २५६ बाय २५६ गुणाकार करणाऱ्यांची जाळी होती, म्हणजे ६५,५३६, तेही फक्त ८ बिटचे. आकडे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकतात, दरवेळी मेमरीकडे हात पसरावा लागत नाही. पण त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम चालवता येणार नाही :)

धागाकर्ता
अचूकता तपासली, पुरतेय. आणि अर्ध्या सेकंदात झालं!!

प्रतिसाद १
जरा थांबा. कुपाय काम सोपवून लगेच परत येतं, जीपीयू मागे राबतच असतो. सिंक्रोनाइझ करून, म्हणजे त्याचं काम संपेपर्यंत थांबून, वेळ मोजलात का?

धागाकर्ता
नव्हता मोजला. आता मोजला, ३ सेकंद. तरी चालतंय की! आता दोन्ही मॅट्रिक्स ५० बाय ५० चे केले तर परत सीपीयूच पुढे जातोय, हे कशामुळे?