मदत हवी आहे: डीजे मिक्सरमधून सतत घूं आवाज, उद्या हळदीचा कार्यक्रम आहे

मंद्रसप्तक: दोन्ही टॉपमधून (वरच्या स्पीकरमधून) घूं येतोय. गाणं चालू असलं की दबतो, मधे थांबलं की सगळ्या हॉलला ऐकू जातो. वायरी बदलल्या, फरक नाही. मिक्सर गेला का? लवकर सांगा, उद्या ५ ला सुरू करायचंय.

पिन_तीन: मिक्सर कुठला? लॅपटॉप यूएसबीने जोडलाय की हेडफोन जॅकमधून? मास्टर (एकूण आवाजाचं बटण) पूर्ण खाली घ्या. तरी आवाज राहिला तर भानगड पुढे, अँपच्या (अँप्लिफायरच्या) वायरीत किंवा अँपमध्ये. गेला तर मास्टर परत वर घेऊन एकेक चॅनेलचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली करत जा, कुणाबरोबर बंद होतो बघा.

ढणढणाट: सरळ अर्थिंग आहे. अँपच्या प्लगची जाडी (अर्थिंगची) पिन काढा, विषय संपला. सगळे हेच करतात.

पिन_तीन: अजिबात करू नका! अँपच्या आत फेज (करंटची वायर) बॉडीला टेकला तर करंट वायरीच्या शिल्डवरून (बाहेरच्या धातूच्या आवरणावरून) मिक्सरवर आणि तिथून माइकच्या जाळीवर येतो. हळदीला फरशी ओली, माणसं अनवाणी. जीव जाईल कुणाचातरी.

खर्जातला_सा: चॅनेलचा स्विच फोनोवर (रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या इनपुटवर) तर नाही ना? फोनोला सुमारे ४० डीबी (डेसिबल) जादा गेन (सिग्नलची वाढ) असतो, शिवाय बेस उचलला जातो. बारीकसा हमही (घूं आवाज) दणदणीत होतो.

जुना_फेडर: फेडर सरकवताना खरखर येत असेल तर फेडरसाठीचा काँटॅक्ट क्लीनर मारा, वीसेक वेळा वरखाली करा. डब्ल्यूडी-४० नको, धूळ धरून बसतो.

मंद्रसप्तक: खरखर नाही हो, घूं आहे. दोन चॅनेलचा साधा मिक्सर, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून आरसीए (डाव्या-उजव्या दोन पिनांची ऑडिओ वायर). स्विच लाईनवरच. लॅपटॉपचा चॅनेल २ खाली केला की बंद होतो.

पिन_तीन: आता चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

मंद्रसप्तक: गेला! पण बॅटरी तासभरच पुरते.

पिन_तीन: म्हणजे ग्राउंड लूप, मिक्सर ठणठणीत आहे. चार्जर तीन पिनांचा असणार. त्याचं अर्थिंग एका बोर्डावर, अँपचं दुसऱ्यावर. दोन्ही अर्थिंगमधल्या व्होल्टेजच्या जराशा फरकाने करंट आरसीएच्या शिल्डमधून वाहतो आणि ५० हर्ट्झचा हम होऊन ऐकू येतो. आधी चार्जर अँपच्याच बोर्डावर घ्या. उरलाच तर आरसीएच्या मधे आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन वायरीचं थेट कनेक्शन तोडणारी डबी).

ढणढणाट: त्यापेक्षा डीआय बॉक्स (सिग्नल माइक इनपुटजोगा करणारी डबी) घ्या, ग्राउंड लिफ्टचं (अर्थिंगची जोडणी तोडायचं) बटण असतं.

खर्जातला_सा: इथे नाही चालणार. पॅसिव्ह डीआय सिग्नल सुमारे २० डीबी खाली, माइकच्या पातळीला आणतो. डाव्या-उजव्यासाठी दोन माइक इनपुट लागतील, या मिक्सरला एखादाच असेल. लाईनला लावून गेन चढवलात तर हिस (सूं आवाज) येईल. १:१ ट्रान्सफॉर्मरचा स्टिरिओ आयसोलेटरच बरोबर. मात्र अगदी स्वस्तातला नको. त्याचा कोअर (ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा) लहान, मोठ्या पातळीला खालच्या सुरांवर सॅच्युरेट होतो (त्याची क्षमता संपते) आणि किक ड्रमचा ठोका फुसका पडतो. लॅपटॉपचा व्हॉल्यूम ७०-८० टक्के ठेवा, बाकीचं ट्रिमवर (चॅनेलच्या गेनच्या बटणावर). मीटर लाल व्हायला नको.

जुना_फेडर: हॉल बंदिस्त आहे की लॉन? उघड्यावर असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा.

मंद्रसप्तक: बंदिस्त आहे. चार्जर अँपच्या बोर्डावर आणला, घूं जवळजवळ गेला. पण एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) लावल्या की बारीक किर्र येतं.

पिन_तीन: पार वेगळ्या फेजवर (विजेच्या दुसऱ्या लाईनवर) टाका. आरसीए त्यांच्या वायरींना समांतर नेऊ नका, ओलांडायचीच तर काटकोनात. आणि आरसीए किती लांब आहे? ते अजून सांगितलंच नाहीत.