तारे बारीक करणं: प्रोसेसिंग की लबाडी?

घाटकोपर_गच्ची:
परवा ग्रुपवर एकाने हंस तारकासमूहातल्या उत्तर अमेरिका तेजोमेघाचा फोटो टाकला. चेंबूरच्या गच्चीवरून, एच-अल्फा फिल्टर (हायड्रोजनचा लाल उजेड तेवढा आत सोडणारा) लावून. तारे प्रोसेसिंगमध्ये बारीक करून सुईच्या टोकाएवढे. लगेच खाली शेरा: "हे आकाश नाही, ही चित्रकला." मला हे अजिबात पटलं नाही. मुंबईच्या उजेडात तेजोमेघ इतका फिका येतो की चित्र दणकून स्ट्रेच करावं लागतं, म्हणजे फिके भाग ताणून उजळावे लागतात. त्यात ताऱ्यांच्या कडेचा पुसट उजेडही वर येतो आणि तारे फुगतात. फुगवले आपण, मग आपणच उतरवले तर बिघडलं कुठे?

जुना_दुर्बिणवाला:
अरे, स्ट्रेच सगळ्या चित्राला सारखा लागतो. तारे तेवढे निवडून खरवडणं वेगळं. फोटोत तारा जितका तेजस्वी तितका मोठा दिसतो, डोळा त्यावरूनच नक्षत्र ओळखतो. मृगातले काक्षी आणि राजन्य बाकीच्यांएवढे करून टाकलेस तर उरलं काय? रवा सांडल्यासारखे ठिपके! शिवाय इरोजन (तारे कडेने कुरतडून लहान करणं) जास्त झालं की ताऱ्याभोवती काळं कडं पडतं, ते लांबूनच कळतं.

घाटकोपर_गच्ची:
काका, मोठा म्हणजे कुठला मोठा? काक्षीचा कोनीय व्यास जेमतेम ०.०५ सेकंद (एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). ८० मिमीच्या दुर्बिणीत नुसत्या विवर्तनानेच (भिंगाच्या कडेशी प्रकाश पसरल्याने) त्याची साडेतीन सेकंदांची चकती होते. वर हवेची थरथर, फोकस, ट्रॅकिंग. म्हणजे सत्तर पट फुगलेला तारा खरा, आणि मी त्यातलं थोडं कमी केलं की खोटा?

जुना_दुर्बिणवाला:
आकार खरा आहे असं मी म्हटलंच नाही. एकमेकांशी असलेला लहानमोठेपणा खरा.

वांगणी_लास्ट_लोकल:
दोघंही शेवटच्या पायरीवर भांडताय. तारे मुळात फुगूच देऊ नका ना. बाहतिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर बसणारी खाचांची जाळी) लावून फोकस करा, रात्री गारवा वाढला की पुन्हा बघा. एक्स्पोजर आखूड ठेवा, नाहीतर ताऱ्याचा मध्य पांढराफटक होतो आणि रंग कायमचा जातो. मग चित्र लिनियर, म्हणजे अजून न ताणलेलं, असतानाच स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे वेगळे काढायचे. तेजोमेघ हवा तेवढा ताणा, ताऱ्यांना हलका आर्कसाइन-एच स्ट्रेच (रंग राखून उजळणारा) द्या आणि स्क्रीन मोडने (दोन थरांचा उजेड मिसळून) परत बसवा. इरोजनची गरजच पडत नाही.

जुना_दुर्बिणवाला:
पहिला अर्धा भाग शंभर टक्के मान्य. पण स्टारनेट ताऱ्याच्या जागी जे भरतं, ते आजूबाजूला बघून केलेला अंदाज असतो. तिथे कॅमेऱ्याने तेजोमेघ टिपलेलाच नसतो. तारा होता तेवढाच परत बसवलात तर तो अंदाज झाकला जातो. लहान बसवलात की भोवतीची कडा उघडी पडते, आणि ती तुम्ही तेजोमेघ म्हणून दाखवता. माझा खरा आक्षेप इथे आहे. कधीकधी तेजोमेघातली छोटी चमकदार गाठसुद्धा ते तारा समजून उचलतं.

वांगणी_लास्ट_लोकल:
गाठीचं खरंय. म्हणून मी ताऱ्यांचा थर वेगळा उघडून तपासतो. कडा मात्र दोन-तीन पिक्सेलची असते हो, त्यावर कोण शोधनिबंध लिहिणार आहे!

घाटकोपर_गच्ची:
म्हणजे चेंबूरवाल्याचा फोटो बाद?

जुना_दुर्बिणवाला:
बाद कशाला? तारे कमी केलेत एवढं खाली लिहावं, आणि सोबत मूळ स्टॅक (अनेक फोटो एकत्र करून झालेलं, न ताणलेलं चित्र) टाकावा.

घाटकोपर_गच्ची:
मूळ स्टॅक मागितलात तर मुंबईतून कोणी फोटोच टाकणार नाही, काका. नुसता करडा पडदा असतो तो. आधी तुमचा दाखवा बघू.